अंदाज चुकणारच हे धरून मोठी यंत्रणा आखायची कशी?

पाणवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस घोळत असलेला प्रश्न मांडतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी जलशुद्धीकरण केंद्रांच्या आराखड्याचं काम करतो. सध्याच्या कामात ३० वर्षांनंतरची मागणी धरायची आहे. तीन जणांनी तीन अंदाज दिलेत: ४०, ६० आणि ८० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). तिघांचीही गणितं मी बसून तपासली, आकडेमोडीत कुणीच चुकलेलं नाही. वस्ती किती वाढेल, कारखाने येतील का, गळती किती आटोक्यात येईल, हे प्रत्येकानं वेगवेगळं धरलंय, एवढंच. बैठकीचा कल असा की मधला आकडा घ्या, वर २० टक्के चढवा आणि कामाला लागा.

मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. जास्त धरलं तर पैसा अडकतो, कमी धरलं तर लोकांच्या नळाला पाणी नाही. हे बांधकाम ५०-६० वर्षं उभं राहणार, आणि पुढच्या १० वर्षांचंसुद्धा आपल्याला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पूल, उपग्रह, वीज, सॉफ्टवेअर अशा क्षेत्रांतली मंडळी इथे आहेत. तुम्ही अशा वेळी काय करता?

जुनाफिटर

"जास्त धरलं तर पैसा अडकतो" एवढ्यावर भागत नाही हो. गरजेपेक्षा मोठं यंत्र बिघडतंही जास्त. २८ वर्षं पंपांच्या देखभालीत काढली, त्यातला एक अनुभव सांगतो.

एका पंपगृहात पंप होते ताशी १००० घनमीटरचे, आणि लागत होतं ३५०. मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून चालवायचे. पंपाच्या अंगावर हात ठेवला की आत कुणी खडी ढवळतंय असं वाटायचं. मेकॅनिकल सील चार महिन्यांत जायचं, पाठोपाठ बेअरिंग. सगळे पुरवठादाराच्या नावानं बोटं मोडत होते. शेवटी एक पंप उघडून इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, बाहेर काढला. पात्यांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारख्या झालेल्या. बोट फिरवलं तर कातडी अडकत होती. पंप चांगलाच होता, पण तो ज्या प्रवाहासाठी बनवला होता त्यापेक्षा अगदी कमी प्रवाहावर चालवला जात होता.

मग जुनी फाइल काढली. मूळ गरज ७२० धरलेली. प्रक्रियेवाल्यांनी १० टक्के चढवले, पाइपवाल्यांनी १०, यंत्रवाल्यांनी १५. गुणाकार करा, १.३९ येतो, म्हणून १०००. मोटर घेताना त्यावर आणखी २०. ज्या वस्तीसाठी ७२० धरले होते, ती तर निम्मीच आली. प्रत्येकानं काळजीपोटीच चढवलं होतं. पण मागच्यानं किती चढवलंय ते पुढच्याला कळलंच नाही.

निळीशाई

फिटरकाकांना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे याला, म्हणजे काळजीपोटी गुपचूप चढवलेल्या वाढीला, छुपं मार्जिन म्हणतात. आता आम्ही एक नियम केलाय: कुठल्याही गटानं आपल्या आकड्यात मार्जिन मिसळायचं नाही. मूळ आकडा जसाच्या तसा द्यायचा, शंका किती आहे ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. मार्जिन एकाच ठिकाणी, पूर्ण यंत्रणेच्या पातळीवर ठेवायचं आणि ते कुणी, कधी, किती वापरलं याची नोंद ठेवायची. पहिले सहा महिने लोक कुरकुरले. आपल्या खिशातलं काढून घेतल्यासारखं वाटतं ना.

शून्यमध्य

पाणवाट, मधला आकडा का पटत नाही याचं गणिती कारण देतो. तुझे तिन्ही अंदाज सारखेच संभाव्य धरू. सरासरी मागणी ६०. केंद्र ६० चं बांधलं. आता सरासरी पुरवठा किती होईल?

चटकन ६० तोंडात येतं. पण मागणी ४० निघाली तर पुरवठा ४०. ६० निघाली तर ६०. आणि ८० निघाली तरी ६०च, कारण केंद्राची धावच तेवढी. तिन्हींची सरासरी ५३.३. मागणी घटली की तोटा पूर्ण पदरात पडतो, वाढली की फायदा मात्र क्षमतेपाशी अडतो. म्हणजे सरासरी परिस्थितीतला निकाल आणि निकालांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या बहुतेक अहवालांत पहिलीच काढून दुसरी म्हणून खपते.

म्हणून एका आकड्यावर आराखडा तपासू नये. हजारो संभाव्य भविष्यं घ्यावीत, प्रत्येकात यंत्रणा चालवून पाहावी आणि निकाल कसे पसरतात ते बघावं. मॉन्टे कार्लो पद्धत हीच. १९४० च्या दशकात उलाम आणि फॉन नॉयमन यांनी ती अणुसंशोधनासाठी उभी केली. आज हे काम साध्या संगणकावर मिनिटांत होतं.

वाळूचाकण

गणित मान्य. पण मग उपाय काय, सरळ ८० चं बांधायचं? तेही चुकीचं वाटत नाही मला. प्रक्रिया उद्योगात सहा दशांशाचा ढोबळ नियम आहे: क्षमता दुप्पट केली की खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो. ४० च्या केंद्राला १०० लागले तर ८० ला १५२. दोन वेळा ४०-४० चं बांधाल तर २०० जातील. तुकड्यातुकड्यांनी बांधणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मोठेपणाची काटकसर हातची जाते.

कक्षाभ्रमण

वाळूचाकण, याच हिशोबानं बुडालेलं उदाहरण आमच्या क्षेत्रात आहे. इरिडियम. ६६ उपग्रहांचं जाळं. थेट उपग्रहावरून चालणारा फोन, पृथ्वीवर कुठेही. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सुमारे ५ अब्ज डॉलर घातलेली यंत्रणा पुढे जेमतेम २.५ कोटी डॉलरला विकली गेली. तांत्रिकदृष्ट्या ती उत्तम होती. तेच उपग्रह पुढे कितीतरी वर्षं चालले. फसला तो ग्राहकांचा अंदाज. आखणी झाली तेव्हा जमिनीवरचे मोबाइल एवढे पसरतील असं धरलेलं नव्हतं, आणि यंत्रणा अशी की सगळं जाळं वर गेल्याशिवाय जगभर सेवा देताच येत नाही. म्हणजे पहिला ग्राहक येण्याआधीच सगळा डाव लावलेला.

दुसरी वाट अशी असू शकली असती: आधी थोडे उपग्रह उंच कक्षेत ठेवायचे. उंचावरून एकेकाला जास्त प्रदेश दिसतो, त्यामुळे कमी उपग्रहांत काम भागतं, क्षमता मात्र बेताची. ग्राहक वाढले तर उपग्रह खाली आणायचे आणि नव्यांची भर घालायची. त्यासाठी प्रत्येक उपग्रहात कक्षा बदलण्यापुरतं जादा इंधन पहिल्या दिवसापासून हवं. त्याचं वजन, त्याचा खर्च आधीच सोसावा लागतो. हा खर्च म्हणजे पुढे निर्णय बदलता यावा म्हणून दिलेला विसार आहे.

शून्यमध्य

विसार, अगदी नेमका शब्द! आणि वाळूचाकणच्या १५२ विरुद्ध २०० मध्ये काळ धरलेला नाही. दुसरे १०० आज लागत नाहीत. पैसा वर्षाला ८ टक्के दरानं वाढतो असं धरलं तर १० वर्षांनंतरच्या १०० ची आजची किंमत ४६. म्हणजे १४६ विरुद्ध १५२, तुकड्यांचा मार्ग स्वस्त. पण ५ वर्षांतच दुसरा टप्पा लागला तर ६८, एकूण १६८, तेव्हा एकदम बांधलेलं बरं. साधारण साडेआठ वर्षांवर दोन्ही बरोबरीत येतात. ही सगळी दुसरा टप्पा नक्की लागणार असं धरून केलेली बेरीज. तो लागण्याची शक्यता निम्मीच असेल तर ५ वर्षांच्या हिशोबातसुद्धा १०० अधिक ३४, म्हणजे १३४.

वाळूचाकण

हे पटलं. शक्यतेचा भाग मी धरलाच नव्हता. पण मग खरा वाद त्या "निम्मी" वर होणार बघा.

पूलकरी

पुलांतली दोन उदाहरणं. न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल १९३१ मध्ये खुला झाला तेव्हा एकाच मजल्याचा होता, पण खालचा मजला जोडता येईल अशा ताकदीनं बांधलेला. तो मजला १९६२ मध्ये आला. लिस्बनचा टेगस नदीवरचा पूल १९६६ चा. पुढेमागे रेल्वे नेता यावी असा विचार आखणीतच होता. रेल्वे १९९९ मध्ये धावली. ३१ वर्षं आणि ३३ वर्षं. आखणाऱ्यांना तारीख माहीत नव्हती, पण दार ठेवलं होतं.

माझ्या मते कुठल्या गोष्टी नंतर वाढवता येतात आणि कुठल्या नाहीत, याची वाटणी हाच आखणीचा गाभा आहे. पाया, मनोऱ्यांची ताकद, दोन खांबांतलं अंतर, जमीन: हे नंतर हलत नाही. तिथे सढळ हात ठेवावा. बाकी ठिकाणी थांबता येतं.

आडवीरेघ

थोडा विरोधी सूर लावतो. लिस्बनचं उदाहरण सगळे देतात, पण पुढचं कुणी सांगत नाही. रेल्वे आणताना त्या पुलाला मूळ मुख्य केबलींच्या वर आणखी एक जोडी नव्यानं ओढावी लागली. म्हणजे "सोय ठेवली होती" याचा अर्थ नुसते रूळ टाकले आणि गाडी सोडली असा नाही. मोठं काम पुन्हा करावंच लागलं.

दुसरं म्हणजे आपण वापरल्या गेलेल्या सोयींचीच नावं घेतो. कधीच न वापरलेल्या मोकळ्या जागा, रिकामे पाइप, जादा खांब यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: "लवचीक ठेवू" म्हणत निर्णय टाळणारे प्रकल्प मी पाहिलेत. एका कामात चार वेगवेगळ्या यंत्रांना चालेल असा पाया मागितला होता, कारण कुठलं यंत्र घ्यायचं ते कुणाला ठरवायचं नव्हतं. तो पाया चौघांनाही धड बसेना. कुठल्या शंकेसाठी कुठली सोय, हे नाव घेऊन सांगता येत नसेल तर ती सोय ठेवू नये.

पूलकरी

केबलींचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. तरीही पूल पाडून दुसरा बांधण्याच्या तुलनेत ते परवडलं, हा माझा मुद्दा कायम आहे. नाव घेऊन सांगण्याची तुमची अट मात्र शंभर टक्के मान्य.

गवतफूल

वाचनखूण साठवली. माझं क्षेत्र वेगळं आहे तरी सगळं समजतंय, चालू ठेवा.

अनामिका_२

सॉफ्टवेअरवाली बोलते. इथे अजून न आलेली एक गोष्ट म्हणजे गृहीतकं. युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून उचललं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेला ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत बसवला जायचा. जुन्या रॉकेटच्या वाटचालीत तो कधी एवढा मोठा होतच नव्हता, म्हणून तिथे संरक्षण ठेवलेलं नव्हतं. नवं रॉकेट आडवा वेग लवकर घेत होतं. आकडा मावला नाही, संगणक बंद पडला. राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही त्याच कारणानं बंद पडला. सुमारे ४० सेकंदांत खेळ संपला.

मला यात सर्वांत जास्त बोचतं ते हे: ज्या हिशोबात हा आकडा लागत होता, तो एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या रॉकेटच्या गरजेपोटी चालू ठेवलेला, तो तसाच राहिला.

म्हणून आमच्या आराखड्याच्या प्रत्येक पानावर "हे कशावर अवलंबून आहे" असा रकाना आहे. अमुक खरं राहिलं तरच हा आकडा चालेल. अमुक बदललं की कुणी कुणाला कळवायचं, तेही तिथेच.

दिवटी

दोन राखीव ठेवले म्हणून दुप्पट सुरक्षित, हे किती फसवं आहे त्याचं आणखी एक उदाहरण जपानचं फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्र. आणीबाणीचे जनरेटर बरेच होते. पण बहुतेक तळघरात, आणि समुद्राच्या पाण्यानं थंड होणारे. ११ मार्च २०११ ला त्सुनामीचं पाणी सुमारे १४-१५ मीटरपर्यंत चढलं. आखणीत धरलेली उंची ५.७ मीटर. एकाच लाटेनं जवळजवळ सगळे गेले. टिकला तो सहाव्या युनिटचा, हवेनं थंड होणारा, उंचावर ठेवलेला एक जनरेटर. त्याच्या जोरावर पाचवं आणि सहावं युनिट वाचलं. संख्या वाढवून उपयोग झाला नाही. जो वेगळा होता आणि वेगळ्या जागी होता, तोच कामी आला.

त्याच किनाऱ्यावरचं ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ होतं. पण त्याची जमीनच सुमारे १४.८ मीटर उंचीवर धरलेली. ते सुरक्षितपणे बंद झालं. पूलकरी म्हणतात तेच, जमिनीची उंची नंतर वाढवता येत नाही.

जुनाफिटर

आमच्याकडेही पंप चार आणि वीज एकाच पॅनेलवरून, असं सर्रास असतं. पॅनेलमध्ये पाणी शिरलं की चारही गप्प.

कक्षाभ्रमण

थोडं अवांतर, पण चांद्रयान सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर कोसळला. चांद्रयान-३ च्या वेळी आखणीचा प्रश्नच बदलला. सगळं नीट चाललं तर कसं उतरेल, याऐवजी काय काय बिघडलं तरी उतरलं पाहिजे, असा विचार झाला. उतरायची जागा आधी ५०० मीटर लांब-रुंद होती, ती ४ किलोमीटर बाय २.५ किलोमीटर केली. इंधन वाढवलं. पाय जास्त वेगाचा धक्का सोसतील असे केले. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, लपवत नाही. नेमक्या ठिपक्यावर उतरायचा हट्ट सोडून मोठं अंगण दिलं, ही मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आडवीरेघ

सुंदर. पण त्यात शंका कुठल्या आहेत ते माहीत तरी होतं. ज्याचं नावच आपल्या यादीत नाही त्याचं काय? लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. माणसं चालताना बाजूलाही हलकासा जोर देतात. पूल किंचित हलला की तोल सांभाळायला लोक नकळत त्याच तालात पावलं टाकू लागतात आणि पूल आणखी हलतो. गर्दी एका मर्यादेपर्यंत असेल तर काहीच होत नाही, ती ओलांडली की डोलणं एकदम वाढतं. त्या काळच्या नियमावलीत हे नव्हतं. कितीही मॉन्टे कार्लो केलं असतं तरी दिसलं नसतं, कारण प्रतिमानात तो भागच नव्हता.

शून्यमध्य

हो, याला माझ्याकडे गणिती उत्तर नाही. फासा कसा पडेल हे माहीत नसणं एक, आणि आपण फासाच खेळतोय का हे माहीत नसणं दुसरं.

पूलकरी

उत्तर त्या पुलानंच दिलं असं मला वाटतं. त्यांनी खऱ्या पुलावर माणसं चालवून मोजमापं घेतली, मग डोलणं शोषून घेणारे डँपर बसवले आणि २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला. डँपर नंतर बसवता आले म्हणून पूल वाचला. बांधून झाल्यावर यंत्रणेचं ऐकायला माणूस, पैसा आणि वेळ राखून ठेवणं हेही आखणीतच धरायला हवं. उद्घाटनानंतर आराखड्याचा गट विखुरतो. हे मला दरवेळी खुपतं.

निळीशाई

पाणवाट, तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं उदाहरण थेम्स नदीचं असेल. तिथला पूररोधक बांध १९८२ पासून वापरात आहे. समुद्र किती चढेल हे ठाऊक नाही, म्हणून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन योजनेत एकच उपाय ठरवून टाकलेला नाही. मार्ग अनेक, आणि कुठल्या खुणा दिसल्या की कुठल्या मार्गावर वळायचं ते आखलेलं. समुद्राची पातळी आणि इतर गोष्टी सतत मोजायच्या, आणि बांधायला किती वर्षं लागतात ते वजा करून तेवढं आधी निर्णय घ्यायचा. तुमच्याकडेही मागणी मोजता येते. मग आजच ३० वर्षांचं ठरवायची गरज किती उरते?

पाणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये दोन आठवडे गायब होतो. धाग्यातले मुद्दे घेऊन पुन्हा गणित मांडलं आणि बैठकीत नेलं.

आता ठरलंय ते असं. विहीर, मुख्य पाइपलाइनची चारी आणि जमीन ८० च्या हिशोबानं, कारण ती पुन्हा खणणं परवडणार नाही. पाइप मात्र आज एकच, दुसऱ्याची जागा शेजारी सोडलेली, नाहीतर सुरुवातीला वेग कमी राहून गाळ बसतो आणि पाणी फार वेळ पाइपात राहिल्यानं क्लोरीन उतरतं. गाळण्या आणि पंप २०-२० च्या एककांत, आज दोनच. फिटरकाकांमुळे पंपांवरचं मार्जिन एकदाच आणि एकाच रकान्यात. विजेची पॅनेलं दोन, वेगळ्या खोल्यांत, पुराच्या पातळीच्या वर.

तिसरं एकक कधी, याची खूण ठरली: सर्वाधिक वापराच्या महिन्याची सरासरी सलग दोन वर्षं ३२ च्या वर गेली की निविदा काढायची. बांधायला तीन वर्षं लागतात, ती धरूनच हा आकडा आलाय. आडवीरेघ यांच्या अटीप्रमाणे प्रत्येक जादा सोयीपुढे ती कुठल्या शंकेसाठी आहे ते लिहिलं. दोन सोयींपुढे काहीच लिहिता आलं नाही, त्या काढून टाकल्या.

आडवीरेघ

हे वाचून बरं वाटलं. एकच विचारतो, ३२ मोजणार कोण आणि कुठल्या मीटरवर?

पाणवाट

मुख्य पाइपवरचा प्रवाहमापक. दरवर्षी तपासणी करायची, आणि आकडा केंद्रप्रमुखाच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर, अशी अट घातली आहे.

जुनाफिटर

पाणवाट, पुढच्या एककासाठी हेडरला, म्हणजे सगळ्या एककांना जोडणाऱ्या मुख्य नळाला, फाटे काढून ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावली असशील. त्या फ्लँजच्या आधी व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर तिसरं एकक जोडायच्या दिवशी सगळं केंद्र बंद करून हेडर रिकामं करावं लागेल. मी ते दोनदा केलंय, रात्रभर, आणि सकाळी गावाला पाणी नाही.

पाणवाट

नव्हता, काका. आत्ता नकाशा उघडून पाहिला, नुसत्या फ्लँजा आहेत. दोन्ही फाट्यांवर व्हॉल्व्ह घालतोय. सुधारित नकाशा उद्या सकाळी जाईल.

जुनाफिटर

घाल. आणि ते सहा महिन्यांतून एकदा उघडून मिटायचे, हे देखभालीच्या वहीत आजच लिही. १५ वर्षं न हललेला व्हॉल्व्ह ऐनवेळी हलत नाही.